कापूस घातलेली डबी

मंडळी, तुम्ही सगळे आलात. सुप्याहून आलात, पाथर्डीहून जीप करून आलात, कुणी आजची हजेरी बुडवून आलात. माईक माझ्या हातात दिलाय खरा, पण मला बोलायची सवय नाही. माझी सवय प्रश्न विचारायची. समोरचा माणूस बोलतो आणि मी कागदावर खूण करतो. म्हणून तर कांतामावशी मला 'मास्तर' म्हणायच्या.

मावशींना जाऊन आज बारा दिवस झाले. त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, पुढे बसल्यात. सकाळी मी त्यांना विचारलं, आक्का, मावशींच्या कामाबद्दल काय बोलू, काय नको? आक्कांनी मावशींच्या फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणाल्या, "तिनं जल्मात काय झाकलं न्हाई. आपन झाकाय लागलो तर वरून भांडंल." तेव्हा आक्का, तुमच्या परवानगीनं उघड बोलतो.

कांतामावशींनी बरीच वर्षं हायवेवरच्या ढाब्यांवर धंदा केला. हे त्या स्वतः सांगायच्या, प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला, आपल्या नावासकट. पुढे त्या आपल्या संस्थेत वस्तीतल्या कार्यकर्त्या झाल्या. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची एक गोळी असते. ज्याला आजार नाही त्यानं, आजार होऊ नये म्हणून घ्यायची. आपल्या भागात ती गोळी मावशींनी सगळ्यांच्या आधी सुरू केली.

आणि माझं काम काय होतं? ही गोळी घ्यायची बायकांना लाज किती वाटते, ते मोजायचं. हो, मोजायचं. मावशींना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "लाज काय ज्वारी हाय का मास्तर, मापात घालायला?"

मी माझा फॉर्म घेऊन वस्तीत गेलो. प्रश्न होता, गोळी घेताना तुम्हाला लाज वाटते का? खाली पाच उत्तरं. 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत. सगळ्या बायकांनी सांगितलं, अजिबात नाही. मी खूश! मला वाटलं, आपल्या भागात लाज उरलीच नाही. अहवाल लिहायलासुद्धा बसलो. मावशींनी ते फॉर्म चाळले आणि मला विचारलं, "मास्तर, बाया तुमच्या घरी आल्यावर तुमी चहा इचारला, तर त्या काय म्हंत्यात?"

मी म्हटलं, नको म्हणतात.

"मग त्यांना चहा नको असतो व्हय?"

मी अहवाल बाजूला सरकवला.

मग त्या म्हणाल्या, "असं इचारा, डबीत कापूस घालता का?" मला काही कळेना. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढली आणि माझ्या कानाशी हलवली. खुळखुळ, खुळखुळ. बाई जीपमध्ये बसली, खड्डा आला, की पर्समधून हा आवाज. शेजारची विचारते, काय गं, कसल्या गोळ्या? म्हणून बाया डबीत कापूस कोंबतात.

तो प्रश्न आम्ही विचारला. आणि ज्यांनी मला 'अजिबात नाही' सांगितलं होतं, त्याच बाया बोलायला लागल्या. एकीचा कापूस. एकीनं गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओतलेल्या. एक रुमालात पुरचुंडी करून तांदळाच्या डब्यात ठेवायची. बोलता बोलता हसत होत्या, आणि हसता हसता एक रडायला लागली. मी पेन खाली ठेवलं. माझा अहवाल त्याच दिवशी रद्दीत गेला.

आता माझीही एक गोष्ट सांगतो. माझ्या बॅगेत दाखवायला म्हणून एक डबी असायची. ती बायकोच्या हाती लागली. तिनं विचारलं, हे काय? मी म्हणालो, व्हिटॅमिन. हे मी मावशींना मोठ्या गमतीनं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "भरा," म्हणाल्या. मी भरला. घरी खरं सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. हा सगळा विषय पुस्तकातून शिकलेला माणूस मी!

सुप्याची एक सून आहे. नाव घेत नाही. नवऱ्याचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं गोळी सुरू केली. सासूला डबी सापडली. सासूला वाटलं, सुनेला तोच आजार झाला. ताट वेगळं केलं, पाण्याच्या माठाला हात लावू देईना. सुनेनं मावशींना फोन केला, आणि मावशी मला घेऊन तिच्या घरी गेल्या. मला वाटलं, आता समजावून सांगतील. त्यांनी काही समजावलं नाही. सासूकडे पाणी मागितलं, आपली त्या दिवशीची गोळी तिच्यादेखत घेतली आणि म्हणाल्या, "मला आजार न्हाई. हुऊ नये म्हणून घेती. तुमची सूनबी त्याच्यासाठीच घेती. तिला जगायचंय, आजी." त्या म्हातारीनं पाण्याचा तांब्या परत घेतला. मग तिनं सुनेला हाक मारली, पाव्हण्यांना चहा टाक म्हणून.

मंडळी, आता अवघड बोलतो. मावशी हार्ट अटॅकनं गेल्या. पण वस्तीत कुजबूज सुरू आहे. बघा, एवढी गोळी घेऊन शेवटी त्याच आजारात गेली. त्या कुजबुजीनं काही बायांनी डब्या परत आणून दिल्या. ती सुप्याची सूनसुद्धा गोळी बंद करून बसली. मघाशी दारात मला एकानं हळूच विचारलं, कशानं गेल्या हो? मी म्हणालो, "हार्ट. हार्टच." दोनदा म्हणालो. एकदा सांगून भागत नव्हतं का? समजा, मावशींना तो आजार असता. तर त्या आपल्याला कमी प्रिय असत्या का? मी ही सभा सोडून गेलो असतो का? मला माझीच लाज वाटली. तुम्हाला खरं कळावं, कुणी भिऊन गोळी सोडू नये, म्हणून आता एकदाच सांगतो. हार्टनं गेल्या. आणि दुसऱ्या कशानं गेल्या असत्या, तरी मी इथंच उभा असतो.

आज सकाळी ती सूनबाई दवाखान्यात आली होती. म्हणाली, सर, मला परत सुरू करायचीय. सिस्टरांनी आधी तिचं रक्त तपासलं. आजार नाही निघाला. तिनं नवी डबी घेतली. बरोबर कोण आलं होतं, विचारा. तिची सासू. सिस्टरांना विचारत होती, जेवणाआधी द्यायची का जेवणानंतर?

मावशी, तुम्ही हे बघायला हव्या होतात. फार वाईट वाटतं, मावशी. फार.

मंडळी, आता दोन मिनिटं उभं राहू या. शोकसभेत मान खाली घालायची रीत आहे, मला माहीत आहे. पण इथं बसलेल्या कितीतरी जणींनी आयुष्यभर मान खालीच घातली आहे, आणि ती वर व्हावी म्हणून ही बाई झिजली. म्हणून एकच विनंती करतो. आज कुणीही मान खाली घालू नका. मावशींच्या फोटोकडे सरळ बघा.

उठा, आक्का. हात धरतो मी.