राखणीचा तुकडा

“हॅलो?… हां अंकित, बोल… अरे बोल ना, फोन खांद्यात धरला आहे, तुरीच्या शेंगा सोलून राह्यली मी.”

पिपरी मेघेच्या अंगणात रोशनी आईसोबत सुपापुढे बसली होती. हिंगणघाटच्या अंकितचा फोन म्हणजे कुठला तरी प्रोग्राम बिल्ड होत नसणार, असं तिला वाटलं. अंकितचा झटका मशीनचा छोटा कारखाना. शेताच्या तारेत सेकंदाला एक चटका सोडायचा, रानडुक्कर पळालं पाहिजे, मरायला नको. त्यातली चिप इतकी जुनी की बनवणाऱ्यांनीही तिचं नाव टाकलं होतं. तिच्यासाठी असेंबलर, लिंकर, डीबगर ही प्रोग्राम बनवायची टूल्स सोर्सपासून बांधणारी आणि सांभाळणारी एकटी रोशनीच उरली होती, तेही फुकटात. मग थोडा तोरा असणारच बाईला!

“काय?… कोणाची गाय?… गिरडच्या बंडूजीची? मेली?… अरे बापा! तारेले चिकटली म्हंजे काय? चटका तर डोळा मिटायच्या आत संपते… थांबलाच नाई?”

शेंगा राहिल्या सुपात.

“मंग माह्या टूल्सचं काय त्यात? तू तुह्या कोडमधी पाह्य… हो, नवीन व्हर्जन मागच्या महिन्यात काढलं मी. साडेतीनशे टेस्ट चालवून काढते बाबा, उगाच नाई… कोणाले काढलं कामावरून?… कवडूकाकाले?”

कवडू म्हणजे कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून मशीनच्या वायरी जोडणारा माणूस. अंकितहून दुप्पट वयाचा.

“काऊन पण?… वायर उलटी जोडली म्हणे? त्याईनं कबूल केलं का?… मंग! आणि बंडूजीच्या दारात बोलला तू त्याईले, गावासमोर? शरम नाई वाटली तुले?… बरं, बरं, ऐक. अगोदर तेच मशीन टेबलावर घे. डीबगर जोड. आता ‘राखण’वर ब्रेकपॉइंट टाक. तिथं आलं का थांबलं पाहिजे.”

राखण हा प्रोग्राममधला एवढासा तुकडा. बाकीचा प्रोग्राम कुठं अडकला तर चटका तोडायचा, इतकंच त्याचं काम.

“काय म्हणते?… असं काई नाईच म्हणते? नीट पाह्य… मॅप फाईल उघड बरं. लिंकरनं काय काय जोडलं त्याची यादी असते ते. खाली नाई, वर! टाकून देलेल्या तुकड्याईची यादी आहे ना, तिथं… आहे?”

होता तिथं. राखणीचा तुकडा, टाकून दिलेल्यांत.

लिंकर मोठा काटकसरी. ज्या तुकड्याला प्रोग्राममधून कोणी हाक मारत नाही, तो बिनकामाचा समजून टाकून देतो. राखणीला हाक मारते ती थेट चिप. जुन्या चिपची ही खोड लिंकरला कळावी म्हणून रोशनीनेच चार वर्षांपूर्वी पॅच, म्हणजे ठिगळासारखी छोटी दुरुस्ती, लिहिला होता. नव्या व्हर्जनवर तो काही केल्या बसेना. दोन रविवार डोकेफोड केली आणि दिला सोडून.

टेस्टने सांगितलं नाही असंही नाही. साडेतीनशेतली राखणीची एकटी टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली होती. हिने काय करावं? तिच्यापुढे लिहून टाकलं, ‘ही फेल होणं अपेक्षित आहे’. एवढं लिहिलं की ती लाल धरतच नाहीत, सगळं ठीकठाक दिसतं. हे काम करणारे सगळेच कधी ना कधी असं करतात, पुढच्या वेळी पाहू म्हणतात.

“हॅलो… आहे, आहे मी… आई, थांब ना जरा!… अंकित, नव्या प्रोग्रामचे किती मशीन गेले?… एकोणीस? सगळ्याईले फोन लाव, आत्ताच्या आत्ता. दिवस बुडला का लोकं चालू करतात. आज तार बंद ठेवा म्हणा… अल्लीपूरचेही, सगळे. मंग माह्यं जुनं व्हर्जन काढ, त्यानं बिल्ड कर… हं… तुह्या कोडमधीच चुकलं असन म्हणतो?… हं…”

दोनदा हं म्हणाली ती. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. अंकित स्वतःच चूक घ्यायला तयार होता, मेला भोळा!

“नाई बे. तुही चूक नाई, कवडूकाकाची तर नाईच नाई. माही आहे… माही म्हंजे माहीच! पॅच मी गाळला… कुठं आहेत काका?… सामान घ्यायले आले? दे त्याईले फोन… तू नको सांगू, मी सांगते.”

“जय भीम काका. रोशनी बोलते, पिपरीहून… हो, काम्प्युटरवालीच… काका, तुमची वायर बरोबर होती… नाई, तुमचं मन राखाले नाई म्हणून राह्यली. खरंच बरोबर होती. चूक माही झाली… काका, रडू नका ना… मी येते गिरडले. बंडूजीच्या दारात सगळ्याईसमोर सांगते. उद्याच, पहिल्या गाडीनं… काय म्हणता?… मले कधी मालूम पडलं?”

आत्ताच, एवढं म्हणून सुटता आलं असतं. आई शेंग हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

“…मागच्या महिन्यात काका. टेस्ट फेल झालती. मी पाह्यलं होतं… हो. पाहून सोडून देलं… हॅलो?… काका?… हो, ऐकून राह्यली… हो… तुमचंच बरोबर आहे… बोला…”

कवडू पुष्कळ बोलला. रोशनी हो म्हणत राहिली. फोन त्यानेच ठेवला. उद्या येजो, असं काही तो म्हणाला नाही.