सुटलेली खुडणी

लिहा ताई, माहं नाव देविदास. तांडा आमचा बंजाऱ्यांचा, एकतीस घरांचा, आठवडी बाजार बोरी अरब गावचा. माहा आजा बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून गावोगाव फिरायचा असं घरचे सांगत, मी काही त्याले फिरताना पाह्यलं नाही, मी पाह्यलं तवा तो एका जागी बसलेला होता, पण मोजायची सवय त्याची गेली नव्हती, ढोरं रानातून परत आली की विसाविसानं मोजायचा, एक विशी झाली की एक गोटा बाजूले ठेवायचा, अन् एक ढोर कमी भरलं तर जेवायले बसत नव्हता. ती सवय बापात आली, बापातून माह्यात आली. मी दहावी नापास हाय, पण गणितात नाही हो ताई, इंग्रजीत. गणितात मले बाहत्तर होते. आता एकावन्नावं चालू हाय. वावर दोन एकर, जमीन हलकी, तिच्यात कापूस टिकत नाही, सोयाबीन येते, म्हणून सोयाबीन.

आता चक्री भुंगा म्हणजे काय ते तुम्हाले आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. बोटाच्या नखाएवढा जीव, पुढून शेंदरी, मागून काळानिळा. मादी काय करते, झाडाच्या कोवळ्या खोडाले नाहीतर देठाले दोन गोल चकरा पाडते, एक वर, एक खाली, एखांद्यानं ब्लेडनं आखल्यासारख्या, अन् त्या दोन चकरांच्या मधात अंडं घालते. वरचा शेंडा सुकून लोंबते. अंड्यातून अळी निघते, ती आतला गाभा खात खात खाली उतरते, बुडाकडे. एकदा का ती उतरली की झाड बाहेरून हिरवं अन् आतून पोकळ. काय सांगू तुम्हाले, माणूस हिरव्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून खूश होत असते अन् वावर आतून गेलेलं असते.

पहिले औषध लागू होत होतं. एक फवारणी केली की पंधरा दिवस भुंगा दिसत नव्हता. मंग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, मंग औषध दीडपट. मले वाटे मीच कुठी तरी चुकून राह्यलो, पंपात पाणी जास्त पडत असन, म्हणून मी मापानं पाणी टाकू लागलो. तरी तेच. मंग मी एक काम केलं. वीस भुंगे पकडले, फवारलेल्या झाडाची पानं बरणीत टाकली, भुंगे त्यात सोडले, वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधला अन् दुसऱ्या दिवशी दुपारी मोजले. विसातले चौदा चालून राह्यले होते. दोन उताणे पडून पाय हलवत होते. मेले फक्त चार. माही बायको शांता, तिची जीभ लय तिखट हाय, ती म्हणाली, वावरात पोसता ते कमी पडलं काय, आता घरातबी पाळता.

ती बरणी अन् माही वही घेऊन मी कृषी सहाय्यकाकडे गेलतो. वहीत मी दर फवारणीच्या औषधाचं नाव उतरवून ठेवत असतो. त्यानं वही पाह्यली, एकेका नावावर बोट ठेवत गेला, अन् म्हणाला, देविदासभाऊ, नावं पाच हायेत पण आतलं घराणं एकच हाय, तुम्ही पाच वर्षं बाटली बदलली, औषध नाही बदललं, अन् जे भुंगे त्यातून वाचले त्याईचेच लेकरं आता तुमच्या वावरात हायेत. मी म्हणलं, मंग आता काय. म्हणाला, हातानं खुडा. चकरा दिसल्या की खालच्या चकरेच्याबी खालून तोडा, गोळा करा, खड्ड्यात गाडा. दर आठव्या दिवशी, न चुकता, अळी खाली उतरायच्या आत. अन् एकट्यानं करून काही होणार नाही, भुंगा उडते, तो काही धुरा पाहत नाही.

म्हणून मी नायकाकडे गेलो. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा मोठा माणूस, त्याईच्याशिवाय तांड्यात काही ठरत नाही. त्याईच्या ओट्यावर सगळे जमले. आमच्या शिवारात एकोणीस जणांची मिळून सत्तेचाळीस एकर सोयाबीन, एकाले एक लागून. मी हिशेब मांडला, इतक्या बाया, इतके तास म्हणजे झाडांच्या ओळी, एक बाई दिवसाचे इतके तास पाहते, तीन दिवसांत सगळं शिवार एकदा होते, मंग चार दिवस मोकळे, मंग पुन्हा. माहा चुलतभाऊ प्रेमसिंग म्हणाला, देविदास आता भुंग्याची हजेरी घेणार, गैरहजर राह्यला तर त्याच्या बापाले बोलावणार. सगळे हसले, मीबी हसलो. पण नायक हसले नाही. ते म्हणाले, यानं मोजलं असन तर बरोबर असन. अन् तेवढ्या एका शब्दावर एकोणीस जणांनी पंप घरी ठेवले. ताई, तुम्ही समजून घ्या, ज्याचं पोट त्या सोयाबीनवर हाय असा माणूस पंप घरी ठेवते म्हणजे काय करते. तो आपलं पूर्ण वर्ष दुसऱ्याच्या हातात देते.

पहिली खुडणी पेरणीच्या पंचविसाव्या दिवशी सुरू केली, दुसरी बत्तिसाव्या, तिसरी एकोणचाळिसाव्या. बाया ओटीत शेंडे गोळा करत, पोत्यात भरत, मी खड्ड्यात टाकून माती लोटत होतो. मी मीटरची एक पट्टी करून घेतलती, ती तासात टाकायची अन् तेवढ्यात किती झाडांले चकरा हायेत ते मोजायचं, एका वावरात दहा जागी. सुरुवातीले मीटरात सहा निघत होते. तिसऱ्या खुडणीनंतर दोन. प्रेमसिंगच्या वावरात तर दीड. तो स्वतः पट्टी घेऊन मोजायले लागला, म्हणे तू कमी मोजतो. ते दिवस लय चांगले होते. चांगले होते म्हणूनच सांगायले जड जाते.

मंग तीज आली. तीज म्हणजे आमच्या पोरींचा सण, राखीनंतर नऊ दिवस चालते. लग्न न झालेल्या पोरी नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत काळी माती अन् खत भरतात, गहू पेरतात, रोज गाणे म्हणत पाणी घालतात, मिठाशिवाय जेवतात. लेकीबाळी माहेरी येतात. अन् चौथी खुडणी बरोबर तीजेच्या तिसऱ्या दिवशी येत होती. मी पेरणीच्या दिवशीच वहीत तारखा मांडल्या होत्या, खुडणीच्या सगळ्या मांडल्या, तीज नाही मांडली. आता पाहा, बेचाळीस तीजा मी डोळ्यानं पाह्यल्या असतीन, अन् हिशेबात एक नाही धरली.

आमच्यात लाली काकी सगळ्यात म्हातारी. ती म्हणाली, घरात पोरींची तीज हिरवी होऊन राह्यली अन् तुम्ही वावरात जाऊन हिरवं खुडता, हे चालणार नाही. असं शास्त्र मी कुठी ऐकलं नव्हतं. नायकानंबी ऐकलं नव्हतं. पण बाया थकल्या होत्या, घरात पाहुण्या होत्या, त्याईले ते शास्त्र लगेच पटलं. अन् माही पोरगी सविता, तिचं लग्न जमलेलं, दिवाळीनंतरची तारीख, ही तिची शेवटची तीज. ती माह्यापाशी आली अन् म्हणाली, बा, एकच खेप सोडा. पुढच्या वर्षी मी पाहुणी म्हणून येईन, टोपली माही नसन. तिची आई तिच्या मागं उभी. शांता बोलत नाही तवा मले जास्त ऐकू येते.

नायकानं मले चारचौघांत विचारलं, देविदास, तुहा हिशेब काय म्हणते, एक खेप पुढं ढकलली तर जमते काय. मी म्हणलं, जमते.

ताई, मले माहीत होतं जमत नाही. मले दिवसानिशी माहीत होतं. अंडं किती दिवसांत फुटते, अळी कितव्या दिवशी खालची चकर ओलांडते, सगळं वहीत होतं. मी नाही म्हणलं असतं तर नायकानं ऐकलं असतं, कारण तवा माह्या शब्दाले वजन होतं. मी पोरीच्या तोंडाकडे पाह्यलं अन् जमते म्हणलं.

तीज झाली, लय चांगली झाली. पाहुणे गेले. मागच्या खुडणीपासून सतराव्या दिवशी बाया पुन्हा वावरात उतरल्या. त्या दिवशी शेंडे इतके निघाले की एका वावरातून दोन पोते भरले. बाया खूश, म्हणे पाहा, एकाच खेपेत दोन खेपांचं काम झालं. मी खड्ड्यापाशी बसलो अन् वीस शेंडे घेऊन विळ्यानं उभे चिरले. तीनात अळी होती. सतरा रिकामे. मंग वावरात गेलो, ज्या झाडांचे शेंडे खुडले होते त्यातलं एक बुडापासून उपटलं, चिरलं, तिथी ती बसलेली, पिवळी, जाड, वीतभर खाली. दुसरं उपटलं, तेच. दहा उपटले मंग थांबलो. बाया गाणं म्हणत घरी चालल्या होत्या अन् मी त्याईच्या मागं पोत्यापाशी तसाच.

लपवता आलं असतं, पण मी नायकाले जाऊन सांगतलं, सतरा रिकामे हायेत, चूक माही हाय. त्याईच्या ओट्यावर लोक बसलेले होते. प्रेमसिंग बोलला. तो म्हणाला, काहून रे, तुह्या हिशेबात तीज नव्हती काय, तू काय दुसऱ्या तांड्याचा हायेस. त्याचं खोटं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शिवारात पंप निघाले. मी धुऱ्याधुऱ्यावर जाऊन सांगतलं, अळी खोडात हाय, तिथपर्यंत औषध पोचत नाही, अन् वरच्या भुंग्याले ते लागू होत नाही, कायले फवारता. माह्याकडे कोणी पाह्यलं नाही. दुकानदारानं दोन औषधं एकत्र मिसळून दिली, पानं करपली, तिसऱ्या दिवशी भुंगे त्याच पानांवर बसलेले. मंग शेंगा भरायच्या वेळेले वारं सुटलं. अळी आतून खोड कापून ठेवते, वारं लागलं की झाड तिथूनच मोडते. प्रेमसिंगच्या वावरातून मी चाललो तर पायानं झाडं मोडत होती, मी पाय उचलून टाकत होतो तरी मोडत होती. माह्या दोन एकरात दरसाल पंधरा-सोळा पोते होत, त्या साली पाच झाले, त्यातबी दाणा बारीक. बाकीच्याईचे मी मोजले नाही. पहिल्यांदा असं झालं की मोजायचं होतं अन् मोजलं नाही.

आता यंदा सगळे पहिल्यापासूनच फवारून राह्यले. खुडणीचं नाव काढत नाही कोणी. मी नायकाकडे गेलतो, म्हणलं, तीज धरून नवा हिशेब मांडला हाय, तीजेच्या दोन दिवस आधी खेप घेऊ. ते म्हणाले, बस, चहा घे. चहा घेतला अन् आलो. माह्या दोन एकरात मी अन् शांता दर आठव्या दिवशी खुडतो. तीन दिवस लागतात, तवर मागचे तास पुन्हा चकरांनी भरतात, कारण चारी बाजूनं पंचेचाळीस एकर हाय अन् तिकडचा भुंगा औषध पिऊन इकडं येते. शांता म्हणते, मंग कायले खुडायचं. मी म्हणतो, काही नाही, खुडू.

सविता तिकडं उमरखेडकडच्या एका तांड्यात दिली हाय. पोरगी सुखी हाय, जावई चांगला हाय, देव त्याईले तसंच ठेवो. तिचा दर इतवारी फोन येते. तिले सगळं माहीत हाय, पाच पोते झाले ते माहीत हाय, काहून झाले ते तिनं कधी विचारलं नाही, पण पहिलं तेच विचारते, बा, मीटरात किती. या इतवारीबी विचारलं. मी म्हणलं, दोन. ती म्हणाली, खरंच बा. मी म्हणलं, मी कधी चुकीचं मोजलं काय.

नऊ हायेत ताई. दहा जागी पट्टी टाकली, सरासरी नऊ. तुम्ही नऊच लिहा, ती काही वाचत नाही.