एकदाच जाणारा निरोप

समारंभाच्या अध्यक्षा सीतालक्ष्मीबाई, प्रमुख पाहुणे विंग कमांडर रघुनाथराव, सत्कारमूर्ती गुंडेराव, त्यांच्या पत्नी वेदवतीबाई, आणि उप्पिटाचा वास येऊनही खुर्च्या न सोडणारे म्हैसूरकर सज्जनहो,

'निरोप' हा शब्द मोठा लबाड. संदेश म्हणजे निरोप, आणि जाणाऱ्याला देतो तोही निरोपच. हूटगळ्ळीच्या कारखान्यात गुंडेराव एकतीस वर्षं ज्या नळ्या तपासत आले, त्यांत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. संकटात वैमानिकाने मूठ ओढली, की ती नळी तो निरोप डोक्यावरच्या काचेपर्यंत आणि आसनाखालच्या रॉकेटपर्यंत नेते; काच उडते आणि वैमानिक आसनासकट विमानाबाहेर फेकला जातो. तारेने नव्हे, स्फोटाने! पेन्सिलीतल्या शिशाएवढी स्फोटकाची वात, तिच्यावर धातूचं पातळ कवच, त्यावर पोलादी विणकाम. स्फोट आतल्या आत धावतो, सेकंदाला सहा-सात किलोमीटर. म्हणजे पंचवीस किलोमीटरवरचं बन्नूर इथून चार सेकंदांवर. आपल्या बसबद्दल मी बोलत नाही. बाहेर ना ठिणगी, ना धूर. धुरावरून अग्नी ओळखायला मी न्यायशास्त्रात शिकलो होतो. गुंडेरावांनी मला कारखाना दाखवला, त्या पहिल्याच दिवशी ती विद्या वाया गेली.

मी विचारलं, "मग नळी चांगली आहे हे कळतं कसं?"

गुंडेराव म्हणाले, "अल्लारी, अहो, उडवून बघितली की कळतं. पण मग ती मेली. दहातल्या दोन उडवायच्या, आठांवर विश्वास ठेवायचा."

अठ्ठ्याऐंशी साली अशाच आठ नळ्या रघुनाथरावांच्या विमानासाठी पेटीत भरल्या. गुंडेरावांनी सही केली, बस गाठली, आणि पहिल्याच थांब्यावर उतरून परत गेले. का? ते आजही त्यांना सांगता येत नाही. पेटी उघडून त्यांनी एकेक टोपण काढलं. सातव्या नळीच्या टोकाची चकती आतून फुटलेली! निरोप गेलेला. खरं तर टोपणही उडायला हवं होतं. ते घट्ट बसलेलं. चिठ्ठीवर 'न वापरलेली'. चाचणीत उडवलेल्या दोन्ही नळ्या जागच्या जागी, कोठाराला कुलूप, आवाज कुणी ऐकलेला नाही.

कारखान्याचे साहेब ओरडले, "यारु हच्चिद्दु? कुणी पेटवली?"

गुंडेराव म्हणाले, "पेटवली कुणी ते राहू दे, सार. निरोप पोचला कुणाला?"

आठही नळ्या बाद झाल्या, नव्या बसल्या. दोन महिन्यांनी आकाशात रघुनाथरावांनी मूठ ओढली. ते आज माझ्या उजव्या हाताला बसले आहेत; अधिक काय सांगू?

तेव्हापासून गुंडेराव प्रत्येक टोकाला अंगठा लावून हळूच विचारतात, "आहेस ना?" वेदवतीबाईंची तक्रार आहे, "घरी कुकरलाही तेच विचारतात."

कारखान्याने आज त्यांना निवृत्तीनिमित्त एक नळी भेट दिली आहे. लाकडी पाटावर बसवलेली, दोन्ही टोपणं लावलेली, खाली चिठ्ठी: 'रिकामी'. माझं भाषण सुरू झाल्यापासून गुंडेरावांनी माझ्याकडे एकदाही पाहिलेलं नाही. ते तिच्याकडे पाहताहेत.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. टाळ्या मात्र क्षणभर थांबवा. गुंडेरावांनी टोकाला अंगठा लावलाय, विचारून झालंय, आणि आता ते काहीतरी ऐकताहेत.