निळ्या बशीतलं नारिंगी कडं

— अहो ताई, ते खोकं नाही, हे. यात तुमच्या भावाच्या वह्या आहेत, जुना चष्मा, आणि हा कप — कान मीच तोडलाय त्याचा, पण सर त्यातच चहा घ्यायचे. बसा ना दोन मिनिटं. सर स्वतः नाही आले? नाही, बरोबरच आहे, कशाला येतील! जिथं माणसाला खोटं पाडलं तिथं पाय कसा वळेल? मी बावीस वर्षं या प्रयोगशाळेत काचसामान धुतेय. आता बोलायला कुणी नाही — पोरं आहेत, पण कानात ती बुचं घालून बसतात. सर बोलायचे. भांडी धुणाऱ्या बाईला सगळं समजावून सांगायचे! म्हणायचे, बाई, या जंतूंना लोखंड लागतं, पण मातीतलं लोखंड त्यांच्या हाताला लागत नाही. मग ते काय करतात? गळ टाकतात. स्वतःच एक पदार्थ तयार करून बाहेर सोडतात, तो लोखंडाला पकडतो आणि घरी घेऊन येतो. ही बशी बघा — हा रंग निळा का, तर त्यानं लोखंड धरून ठेवलंय. जंतूंनी ते ओढून घेतलं की त्यांच्याभोवती नारिंगी कडं उमटतं.

सरांच्या जंतूभोवती असं कडं एकदाच आलं — पण केवढं! फोटो छापून आला. मी नव्हते हो तेव्हा, आई आजारी होती, महिनाभर रजेवर. परत आले तर सरांचे पाय जमिनीवर नाहीत. आणि त्यानंतर कडं येईल तर शपथ! तीन वर्षं बशी निळी ती निळीच. लोक म्हणायला लागले, फोटोच बनावट. चौकशी बसली. सर नोकरी सोडून गेले. जाताना फक्त मला म्हणाले, बाई, मीच काहीतरी चुकीचं पाहिलं असेन. असं म्हणतं का कुणी, ताई, स्वतःच्या डोळ्यांबद्दल? मला रडूच आलं.

आणि आता ही नवीन मुलगी आलीय, तिनं मला धुताना पाहिलं नि ओरडलीच — मावशी, शेवटी नळाचं पाणी? म्हणजे कसं, जंतूंचं खाणं ज्यांत बनतं त्या बाटल्या आधी ॲसिडनं धुवायच्या, मग शुद्ध पाण्यानं. ते पाणी मिळतं मोजकंच. फार पूर्वी एकदा सरांच्या बोटांची सालं निघाली होती, ॲसिड राहिलं असणार कुठंतरी — तेव्हापासून मी आपली सरांच्या बाटल्या वरून दोनदा नळाखाली धरायची. फक्त सरांच्या हं. बाकीच्यांच्या नाही. बाकीच्यांची बोटं — जाऊ दे. तर ती म्हणाली, हा पाइप जुना, लोखंडी, पाण्यात गंज येतो. जंतूंना बसल्या जागी लोखंड मिळालं तर ते गळ कशाला टाकतील?

मी रजेवर होते, त्याच महिन्यात कडं आलं होतं, ताई! तिच्या मागेच लागले, सरांचा जंतू फ्रीजमधून काढायला लावला. बाटल्या मी धुतल्या, पण नळाला हात लावला नाही. आणि काल सकाळी — हे बघा. कडं! न्या ही त्यांच्यासाठी. चिकटपट्टी लावलीय, उपडीच धरा, झाकण उघडू नका. म्हणावं, तुमच्या डोळ्यांची चूक नव्हती. एवढंच सांगा. नळाचं नका सांगू.

अशा काय बघताय? हो, कळतं मला. सर विचारणारच, तेव्हा नाही आलं ते आज कसं आलं — ते सोडायचे नाहीत. बरं, सांगा मग. सांगा की बाईनं तुमच्या बोटांसाठी — नको, बोटांचं राहू दे. नुसतं नळ म्हणा.

उठा आता, गाडी खोळंबलीय तुमची. सांभाळून. तो — तो कप नका ठेवू खोक्यात. कान तुटलेला, तुम्हाला काय करायचाय. राहू दे इथंच.