सुटली म्हणा!

हं, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात पुसून घ्या. आता गाणं नाही — आता गोष्ट! आणि गोष्टीच्या आधी एक प्रश्न. शपथ मोडणं पाप, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मंडळी, शपथ पाळणं पाप होईल का कधी?

काय काका? 'नाही' म्हणता? बरं. ऐका तर मग!

पंचगंगेच्या काठी एक गाव. तिथं केरबा नावाचा गुळव्या. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा जीव! खाली चुलवाण पेटलेलं, वर काहिलीत उसाचा रस उकळतोय, आणि हा बहाद्दर अनवाणी उभा! पाकाचा ठिपका पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळायची, जिभेवर ठेवायची — आणि ओरडायचं, "उतरवा!" दिवसाला रसाची आठ-दहा आधणं उतरायची, एकेक आधण म्हणजे एकेक भरली काहील. म्हणजे आठ-दहा वेळा गूळ तोंडात! अशी तीस वर्षं काढली. आणि मग काय झालं असेल?

मधुमेह! हसू नका, हसू नका. तोही हसलाच होता. डॉक्टरांना म्हणाला, "साखरेचा रोग मला कसा हुईल? मी साखर खातच न्हाई, गूळ खातो!" आपल्यातही असे वकील आहेत हो! 'चहात साखर नको, गूळ घाला!' अरे बाबांनो, रक्तात उतरल्यावर दोघांची जात एकच!

केरबाला एकच लेक, शालन. इचलकरंजीला दिलेली, तिथं कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. बापावर फार जीव. दर दोन महिन्यांनी सुट्टी काढून यायची, बापाला उपाशीपोटी तपासणीला न्यायची. आणि केरबा काय करायचा? शालन यायच्या आधी चार दिवस — गूळ बंद! भात बंद! भाकरी आणि मेथीची भाजी! मिठाच्या बरणीमागं लपवलेल्या डॉक्टरांच्या गोळ्या तेवढ्यापुरत्या बाहेर यायच्या! मग रिपोर्ट कसा येणार? एकदम चांगला! शालनचे डोळे भरून यायचे. बापाच्या पाया पडून ती एस.टी.त बसायची. एस.टी. वळणाआड गेली, की केरबा गुऱ्हाळावर. गोळ्या परत बरणीमागं!

हे सगळं बघत कोण होतं? त्याची बायको, तानुबाई. साधी बाई. पस्तीस वर्षांचा संसार. एकदा तिचा धीर सुटला. म्हणाली, "अवो, मी शालनला सांगणार हाय."

केरबा बसल्या जागचा उठला. तिचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शप्पत हाय तुला, तानू. कुणाला बोललीस, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"अवो, असं काय बोलताय!"

"मग काय करू? पोरगी मला गुऱ्हाळावरनं उठवंल. गूळ न चाखणारा गुळव्या कोण ठेवून घेईल? मी घरात बसून माशा मारू?"

तो वाईट नव्हता, मंडळी. त्याला आपला मान हवा होता. पण त्या मानासाठी त्यानं बायकोच्या तोंडाला कुलूप घातलं, आणि तिनं ते घालून घेतलं. कुंकवाची भीती हो! तिच्या जागी तुम्ही काय केलं असतंत?

एक दिवस केरबा गुऱ्हाळावरून आला. तानुबाई त्याच्या पायांवर पाणी घालत होती, आणि तिचा तांब्या थबकला. अंगठ्याशेजारी हा एवढा फोड!

"अवो, भाजलंय की तुमास्नी!"

"कवा?" — केरबाच तिला विचारतोय! उकळता पाक पायावर पडला, कातडी जळाली, आणि माणसाला पत्ता नाही! त्या रोगानं पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. ज्या शरीराचं दुखणं शरीरालाच कळत नाही, त्याची राखण कोण करणार?

राखणदार असतात! मी एका डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू आत शिरला की धावायचं, ओळखायचं, धरायचं आणि गिळून टाकायचं, हे त्यांचं काम. पण महिनोन्महिने साखर चढलेलीच राहिली, तर? काकवीच्या भांड्यात पडलेली मुंगी बघितलीय ना? जिवंत असते, पण पाय उचलत नाही! तसं होतं त्यांचं. जखमेची हाक उशिरा कळते. वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडलेल्या, म्हणून पोचायलाही उशीर. जंतू धरला तरी धड गिळवत नाही. आणि काही राखणदार तर असे बिथरतात, की चोर सोडून आपल्याच घराची नासधूस करतात! बाई म्हणाल्या, "बुवा, साखर ताब्यात आली, की हेच राखणदार पुष्कळसे कामाला लागतात." ऐकलंत? उपाय होता! मिठाच्या बरणीमागं होता!

गावातल्या डॉक्टरांनी पाय बघितला. विचारलं, "साखर कशी आहे?" केरबानं खिशातून कागद काढला. "तीन आठवड्यामागंच तपासलीया. बघा की!" कागद खोटा नव्हता. त्या चार दिवसांपुरता तो खराच होता! डॉक्टर तानुबाईकडं वळले. "बाई, गोळ्या वेळेवर घेतात ना?"

तानुबाईनं केरबाकडं बघितलं. त्यानं आपल्या गळ्यावरून हात फिरवला.

तिनं मान डोलावली. 'घेतात.'

डॉक्टरांनी पट्टी बांधली, औषध दिलं, तीन दिवसांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी पाऊल सुजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटं काळी पडली, खोलीत वास सुटला, आणि केरबा तापानं फणफणला. तानुबाई उशाशी बसली. आपल्याकडं शपथेला एक किल्ली असते, ठाऊक आहे ना? ज्यानं शपथ घातली, त्यानं 'सुटली' म्हणायचं, की समोरचा मोकळा! लहानपणी तुम्ही-आम्ही भांडलोय त्यावरून!

"अवो, सुटली म्हणा."

"गप गं. उतरंल ताप."

"पाया पडते. एकदा सुटली म्हणा, मी शालनला फोन लावते."

तो नुसता हसला आणि तोंड फिरवून झोपला. दुपारी ताप डोक्यात गेला. केरबा बडबडायला लागला — "उतरवा! उतरवा! करपतंय!" आता त्याला बायको ओळखू येईना. आणि ही वेडी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून विनवतेय, "सुटली म्हणा हो! येवढं एकच म्हणा!" एक तास गेला. दोन गेले. तीन तास ही बाई एका शब्दासाठी त्याच्या ओठांकडं बघत बसली! बाहेर रस्ता होता, गाडी होती, कनवटीला फोन होता!

शेवटी तिनं देवाकडं बघून हात जोडले आणि फोन लावला. "शालन, मी खोटं बोलले, बाळ. तुझा आबा गोळ्या घेत न्हाई."

शालन गाडी घेऊनच आली. मोठ्या दवाखान्यात साखर निघाली पाचशेच्या वर. पाय गुडघ्याखाली कापला. पण विष रक्तात पसरलं होतं. सहाव्या दिवशी केरबा गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर आलाच नाही.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. मायलेकी दोघीच राहिल्या. तानुबाई म्हणाली, "मी मारलं गं त्यास्नी. शप्पत मोडली, आन् सहा दिसांत मेलेलं तोंड बघितलं."

आता शालननं काय बोलावं? डॉक्टर तिला म्हणाले होते, 'दोन दिवस आधी आणायला हवं होतं.' 'आई, शपथ मोडलीस म्हणून नाही, पाळलीस म्हणून' — हे कुठल्या तोंडानं सांगेल लेक? तिनं आईला कुशीत घेतलं. म्हणाली, "आई, आबाच्या वतीनं मी म्हणते. सुटली. सुटली. सुटली."

तानुबाईनं तिचे डोळे पुसले. म्हणाली, "तुझ्या म्हणण्यानं न्हाई सुटत, बाळ. ज्यानं घातली, त्यानंच म्हणावं लागतंय."

काका, आता सांगा. पाप कुणाचं? त्या माउलीकडं बोट दाखवायची माझी तर छाती नाही.

आणि तुम्ही मान खाली घालू नका, इकडं बघा! 'पोराला कळवू नको हं.' 'डॉक्टरांसमोर बोललीस तर बघ!' किती घरांत चाललंय हे? प्रसादाचा पेढा हळूच दोनदा घेणारे मला इथून दिसतात! दुखणं तुमचं, आणि कुलूप बायकोच्या तोंडाला? तिनं मोडली तरी रडायचं, पाळली तरी रडायचं!

देवाचं नाव नंतर घेऊ. देव थांबतो, त्याला सवय आहे. आधी घरी जा. जिला शपथ घातली आहे तिच्यासमोर उभे राहा, आणि 'सुटली' म्हणा. केरबाला ते म्हणता आलं नाही. तुमची जीभ अजून चालते आहे.