दामाजीच्या नावाची बाटली

दक्षता : हसताय काय, काका? शौचाच्या तपासणीत रक्त सापडलंय. डोळ्यांना दिसत नाही एवढं. आता दुर्बिणीने आतडं बघायला लागेल.

दामाजी : कोनाचा आतडा?

दक्षता : तुमचं. बाटलीवर नाव तुमचं. दामाजी, वय छप्पन, कळवा.

दामाजी : नाव माजाच हाय, बाय. माल माजा नाय.

दक्षता : म्हणजे?

दामाजी : ती बाटली मी खिडकीत ठेवली नि सरल खाडीवर गेलो. भरलीच नाय.

दक्षता : मग मला भरलेली कशी मिळाली? काकूंनीच हातात दिली.

सगुणा : मी भरली.

दामाजी : तू?

सगुणा : मग काय करू? ही पोर बाटलीसाठी चार वेला उन्हातून आली. वरून दवाखान्यातली तिची मॅडम तिला बोलते, कल्व्याच्या बाटल्या कमी आल्या म्हनून. आनि तुमी बाटली बघितली का होडी काढता.

दक्षता : काकू, म्हणजे हे रक्त तुमचं.

सगुणा : मना तर काय दुखत नाय.

दक्षता : सुरुवातीला कुणालाच दुखत नाही. म्हणून तर कॅन्सर व्हायच्या आधीच शोधायचं काम काढलंय ना.

सगुणा : पन तुज्या यादीत पन्नाशीच्या पुढची मानसं. मी सत्तेचालीस.

दक्षता : यादीत नसाल, रक्त तर आहे. डॉक्टरांना मी खरं सांगणार. ओरडले तर ओरडू देत.

दामाजी : कधी जायचा?

(तीन आठवड्यांनी. हॉस्पिटलच्या बाहेरचं बाकडं.)

दक्षता : रिपोर्ट आला. दुर्बिणीतून काढली ना ती गाठ, तिच्यात कॅन्सर नाही. तशीच राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. आता डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायला यायचं, काकू.

सगुणा : येईन. तुला ओरडले काय गो?

दक्षता : खूप. मग मीटिंगमध्ये मीच म्हटलं, यादीचं वय खाली आणा. म्हणाले, लिहून द्या. दिलं लिहून.

दामाजी : त्यात माजा नाव टाकलास?

दक्षता : टाकलं. 'नमुना देण्यास टाळाटाळ.'

सगुणा : बरा केलास. चला आता, भरतीची वेल झाली. तुमाला जाला टाकायला जायचा ना?

दामाजी : आज नाय जात.

सगुणा : मग घरी काय करनार?

दामाजी : काय नाय. तू बसशील तिथं बसतो.