अम्मा आमच्यासंगती चालली

माझा जन्म खाडीकाठचा, बाप होडीवर, आनि लग्न करून आले तीपन खाडीच्याच पल्याडच्या गावात, म्हंजे पानी काय सुटलं नाय. नवरा कुवेतला, घरात मी, पोरं आनि सासू. सासूला आमी अम्मा म्हनायचो. तिची एकुलती लेक हमीदा, ती बाळंतपनात गेली, रत्नागिरीला नेताना वाटेतच, गाडी मिळेमिळेपर्यंत उशीर झालेला. त्यावर अम्मा कधी बोलली नाय, आनि आमी पन विचारलं नाय.

तर काय सांगू तुमाला, कोकण रेल्वे आली त्याच्या दोनेक वर्षांनी आमच्या शाळेतल्या जुबेदाबाईंनी काढलं, गावाला ॲम्ब्युलन्स पायजे, आनि त्यासाठी बायकांनी चालायचं. गावापासून रत्नागिरीला मांडवीच्या समुद्रापर्यंत, एका दिवसात, चार-चार जनींचा गट करून, चौघी पोचल्या तरच देनगी कबूल केलेले लोक त्या गटाचे पैसे देनार. मुंबईला असं करतात म्हने. सगळे हसले. नवऱ्याला फोन केला तर तो म्हनाला, बायका रस्त्यानं चालत जानार, लोक काय बोलतील. अम्मानं माझ्या हातातला फोन घेतला नि म्हनाली, मी हाय तिच्याबरोबर. मला वाटलं फोनपुरतं बोलली. पन चालायच्या दिवशी आमच्या गटातली चौथी आलीच नाय, घरच्यांनी आयत्या वेळी नको सांगितलं, मी रडकुंडीला आले, तर अम्मा बुरखा घालून दारात उभी. चला म्हनाली.

पहाटे फजरची नमाज पढून निघालो, मी, गटातल्या सलमा नि रुखसाना, आनि अम्मा. पुढं सगळा कातळ, झाड नाय, ऊन नुसतं भाजत होतं, अम्माच्या पायाला फोड आले. एका वाडीत शेवंतीकाकू म्हनून होत्या, ओळख ना पाळख, त्यांनी अंगनात बसवून कोकमाचं सरबत दिलं, अम्माच्या पायाला खोबरेल लावलं. सलमा म्हनाली, अम्मा, तुमी एसटीत बसा, आमी कोनाला सांगनार नाय. अम्मा म्हनाली, अल्ला बघतो ना.

मंग मोठी चढन लागली. वळनावर अम्मा थांबली, रस्त्याकडच्या दगडी गडग्याला हात टेकून म्हनाली, हितं टेम्पो बंद पडलेला. हमीदानं माझा हात हितंच सोडला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या तोंडून हमीदाचं नाव आलं. तिनं हमीदासाठी फातिहा पढली, आमी तिघी तिच्या बाजूला उभ्या राहिलो. मंग तीच पुढं चालायला लागली, आमी मागं.

मांडवीला पोचलो तेव्हा असरच्या नमाजची वेळ झालेली, ऊन कललेलं. अम्मा फोड आलेले पाय घेऊन खाऱ्या पान्यात उभी राहिली, झोंबत असनार, पन बाहेर येईना.

पुढं गावाला ॲम्ब्युलन्स आली, जुनी होती पन चांगली. पहिली तिच्यातनं भंडारवाडीतली एक पोर गेली, आनि जुळी घेऊन घरी आली. अम्मा बघायला गेलेली, दोघांना मांडीवर घेऊन बसली.

आता अम्मा नाय. माझे पन गुडघे धरतात, बाजारात जाताना दोनदा बसावं लागतं. पन तक्रार कशाला, अशी सासू कोनाला मिळते. अल्लानं लई दिलं. तुमी लांबून आलात, चा घेतल्याशिवाय उठू नका, अल्ला तुमच्या घरादाराला सुखी ठेवो.